गोवा: दोघी, पाच रात्री, पंधरा हजार. मुक्काम कुठे आणि फिरायचं कसं?

रंकाळाकाठ

नमस्कार. आम्ही दोघी मैत्रिणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरहून गोव्याला येतोय. पाच रात्री, सहा दिवस. कोल्हापूर-पणजी येण्याजाण्याचं भाडं सोडून दोघींत मिळून १५,००० रुपये आहेत, त्याच्या वर जाता येणार नाही. सामान म्हणजे पाठीवर एकेक सॅक. दोघींकडे दुचाकीचा परवाना आहे, मासे दोघी खातो. कॅसिनो, पार्टी, वॉटर स्पोर्ट्स यांतलं काही नको.

सध्याचा बेत असा: पाचही रात्री बागाजवळ. पहिला दिवस कळंगुट-बागा, दुसरा हणजूण-वागातोर, तिसरा दूधसागर, चौथा पाळोळे (सकाळी जाऊन रात्री परत), पाचवा जुने गोवे आणि पणजी. सहाव्या दिवशी परत.

विचारायचं ते एवढंच: पैसे पुरतील का? पाचही दिवस स्कूटर घ्यावी की बसवर भागेल? रात्री उशिरा बस मिळते का?

---

पाटो-पणजी

पैसे पुरतील, पण या बेताने नाही. गोव्यात कमी पैशात फिरणाऱ्यांचं गणित खोलीमुळे किंवा जेवणामुळे क्वचित बिघडतं, ते बिघडतं संध्याकाळी सातनंतर. गावांकडे जाणाऱ्या खासगी बसेस अंधार पडला की विरळ होतात, आठनंतर भरवसा धरू नये. ओला-उबर इथे चालत नाहीत. गोवा माइल्सचं टॅक्सीचं ॲप आहे, पण किनारपट्टीवर रात्री गाडी मिळेलच असं नाही. मग जी टॅक्सी समोर उभी असते तिच्या एका फेरीत तुमचा दोन दिवसांचा जेवणाचा खर्च जातो. म्हणून मुक्काम किनाऱ्यावर ठेवण्यापेक्षा बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांच्या आत ठेवा. किनारा दिवसा बघायचा, रात्रीचं जेवण मुक्कामाच्या गावात.

आता तारखा. २००४ पासून इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) पणजीत होतो आणि तो बहुधा २० नोव्हेंबरला सुरू होऊन आठ-नऊ दिवस चालतो. त्या काळात पणजीत, विशेषतः मळा, फोंतेन्यश, सांतिनेझ भागात, स्वस्त खोली शिल्लक राहत नाही. २४ नोव्हेंबरपासून जुने गोवेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची (चर्चच्या उत्सवाची) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, असते आणि फेस्त ३ डिसेंबरला. तारखा हलवता आल्या तर दिवाळीची सुट्टी संपल्यावर आणि २० तारखेच्या आत या. हलवता येत नसतील तर मुक्काम म्हापशाला करा. कोल्हापूरहून सावंतवाडी-बांदा मार्गे येणारी बस पणजीच्या आधी म्हापशालाच थांबते, त्यामुळे उलटा हेलपाटाही नाही.

म्हापसा स्टँडवरून हणजूण, वागातोर-शापोरा, कळंगुट-बागा, हरमल आणि पणजी अशा सगळ्या दिशांना बस सुटते. पणजी १३ किलोमीटर, हणजूण आठ-नऊ. बागाला राहिलात तर प्रत्येक ठिकाणी जाण्यासाठी आधी म्हापसा किंवा पणजी गाठावी लागेल, म्हणजे रोज दोन बस जास्त.

बसचे दोन प्रकार समजून घ्या. कदंबची, म्हणजे सरकारी महामंडळाची, शटल विनाथांबा असते. पणजी-म्हापसा, पणजी-मडगाव, पणजी-वास्को अशा मुख्य मार्गांवर ती धावते. तिचं तिकीट आधी खिडकीवर काढायचं आणि मग रांगेत उभं राहायचं. बसजवळ जाऊन वाहकाकडे तिकीट मागितलं तर परत खिडकीवर पाठवतात, तोवर रांग पुढे गेलेली असते. दुसरी खासगी लोकल. ती हात दाखवाल तिथे थांबते, वाहक आत येऊन पैसे घेतो, आणि गाडी भरल्याशिवाय स्टँड सोडत नाही. मधल्या गावात उतरायचं असेल तर लोकलच घ्या, शटल तुम्हाला थेट शेवटच्या स्टँडवर नेऊन सोडेल. रविवारी आणि सणाला खासगी बसेस निम्म्याने कमी झाल्यात असं धरून चला. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, सकाळच्या पहिल्या फेरीत पाचशेची नोट कुणी मोडून देत नाही.

फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही. पणजीच्या धक्क्यावरून बेतीला पाच मिनिटांत पलीकडे. तिथून कांदोळी-कळंगुटची लोकल मिळते, किंवा चालत रेईश मागूशचा किल्ला. मांडवीच्या मधोमध वारा खात जाणं फुकट आहे आणि पैसे देऊन केलेल्या बोटसफरीत याहून वेगळी नदी दिसत नाही.

---

म्हापसेंकार

वरच्या उत्तराशी सहमत, हिशोब मांडून देतो. दोघींचा मिळून:

मुक्काम, ५ रात्री, सरासरी १,१०० रुपये: ५,५००
जेवणखाण, ६ दिवस, माणशी ४००: ४,८००
बस, ६ दिवस, माणशी १२०: १,४४०
स्कूटर एक दिवस, पेट्रोल धरून: ६५०
किल्ले, संग्रहालयं यांची तिकिटं: ३००
हात न लावण्याची रक्कम: १,५००

एकूण १४,१९०. उरतात ८१०. हात न लावण्याची रक्कम वेगळ्या खिशात ठेवा. ती एका चुकलेल्या शेवटच्या बससाठी किंवा डॉक्टरसाठी आहे.

पाचही दिवस स्कूटर घेऊ नका. भाडं, पेट्रोल आणि अनामत मिळून तेवढ्यात तुमचा बसचा सगळा खर्च दोनदा निघेल. एकच दिवस घ्या आणि तो उत्तरेच्या किनाऱ्यासाठी वापरा: म्हापसा, शिवोली, चोपडेचा पूल, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी. हा पट्टा बसने करायला गेलं की प्रत्येक गावात तासभर वाट बघावी लागते, कारण गाड्या गावागावांतून आडव्या जातात, किनाऱ्याला समांतर अशी सरळ बस जवळपास नाहीच. जाऊन-येऊन ८० किलोमीटर धरा, दोन लिटर पेट्रोल पुरतं. घेतल्या घेतल्या पंपावर जा, कारण भाड्याच्या गाडीत पेट्रोल बहुतेक वेळा पंप गाठण्यापुरतंच असतं.

स्कूटर घेताना नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची परवानाधारक गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी शंभर रुपये कमी करून देत असेल तर ती खासगी आहे, भाड्याने द्यायला परवानगी नसते, आणि नाक्यावर अडवलं की दंड आणि वेळ दोन्ही तुमचे. मूळ आधार कार्ड अनामत म्हणून देऊ नका, छायाप्रत आणि रोख अनामत द्या. गाडीभोवती फिरून मोबाइलवर चित्रफीत काढा: आरशांच्या कडा, पुढचा मडगार्ड, सायलेन्सरचं कव्हर, सीटखालची बाजू. परत देताना वाद होतो तो याच चार जागांवरून. ब्रेक, हॉर्न आणि हेडलाइट तिथेच तपासा. अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही. नकाशाचं ॲप तुम्हाला चारचाकी समजून तिकडे वळवतं, म्हणून दुचाकीचा पर्याय निवडून ठेवा. वाळूत गाडी उतरवू नका. चाक रुततं आणि किनाऱ्यावर वाहन चालवायला मनाईही आहे.

म्हापशात शुक्रवारी मोठा बाजार भरतो. तुमच्या सहा दिवसांत शुक्रवार बहुतेक येईलच. त्या सकाळी बाहेर कुठे जाऊ नका. केळी, चणे, पोळी (पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, कोंड्याचा पाव, चपाती नव्हे), हे सगळं तिथे घेतलं की दुपारचं एक जेवण वाचतं. दहाच्या आत जा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात.

जेवणाबद्दल. सकाळी भाजी-पाव: पातळ, सुकी किंवा मिक्स, वर एक बन किंवा मिरची भजी. ही न्याहारी दुपारपर्यंत टिकते. दुपारी मासळीची थाळी घ्या, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये नाही, बाजारातल्या खानावळीत. थाळीत शीत (भात), हुमण (माशाची आमटी), एक सुकी भाजी, किस्मूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) किंवा तिसऱ्या (शिंपल्या), सोलकढी आणि छोटासा तळलेला मासा असतो. बिल फुगतं ते वरून मागवलेल्या तुकड्यामुळे. इसवण, पापलेट, चणक यांच्यापुढे फळ्यावर दर नसतो, आकारावर ठरतो. आधी विचारा. बांगडा किंवा तारले घेतले तर चव उतरत नाही आणि पैसे अर्ध्यावर येतात. एक वाजायच्या आत पोहोचा, चांगली खानावळ अडीचला रिकामी होते. संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट (रश्श्यातलं ऑम्लेट) किंवा कटलेट-पाव. एका रस-ऑम्लेटबरोबर दोन पाव जास्तीचे घेतले तर दोघींचं हलकं जेवण होतं, कारण रस पुष्कळ असतो.

---

कवळें

फोंड्याच्या बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. एक रात्र तरी देवस्थानाच्या अग्रशाळेत घालवण्याचा विचार करा. मंगेशी, म्हार्दोळची महालसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी या देवळांच्या आवारात राहायच्या खोल्या असतात. स्वच्छ, साध्या, आणि दोघी मुलींसाठी सुरक्षित. मात्र महाजन-कुळाव्यांना (देवस्थानाशी पिढीजात जोडलेल्या घराण्यांना) अग्रक्रम असतो, तेव्हा आठ-दहा दिवस आधी देवस्थानच्या कार्यालयात फोन करून विचारा. "फक्त दोघी आहोत, एक रात्र, ओळखपत्रं आहेत" एवढं स्पष्ट सांगा. दोन नियम पाळावेच लागतात: आवारात मांस-मद्य नाही, आणि फाटक रात्री ठरलेल्या वेळी बंद होतं. देवळात हाफ पँट आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. सॅकमध्ये एक पूर्ण पायजमा आणि एक ओढणी ठेवलीत की प्रश्न मिटला.

पणजीहून फोंड्याची लोकल जुने गोवे, बाणस्तारी, मंगेशी, म्हार्दोळ अशी जाते. मंगेशी ते म्हार्दोळ चालत पंधरा-वीस मिनिटं. फोंड्याहून मडगाव १८ किलोमीटर, त्यामुळे दक्षिणेला जायलाही हा मुक्काम सोयीचा.

तुमच्या यादीत दिवाडी बेट नाही, ते घालाच. जुने गोवेला बासिलिका आणि से कॅथेड्रल बघून (दोन्हींना तिकीट नाही, गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत) व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरा. फेरीबोटीने दिवाडी. तिथून पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत चालत या, वरून दोन्ही बाजूंची नदी आणि खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली) दिसते. मग बेटाच्या उत्तर टोकाला जाऊन नार्वेची फेरीबोट. पलीकडे श्री सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगिजांच्या काळात ते पाडलं गेलं, लिंग नदीपलीकडे नेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्यात देऊळ नव्याने बांधवलं. दारावरच्या शिळेत तसा लेख आहे. कोल्हापूरहून येऊन हे न बघता परत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. एकूण सात-आठ किलोमीटर चाल होते, सावली कमी, बेटावर बस क्वचित. सकाळी आठला सुरुवात करा आणि माणशी दीड लिटर पाणी घ्या. नार्व्याहून डिचोलीला बस मिळते आणि तिथून म्हापसा.

---

काणकोणची

पाळोळे एका दिवसात जाऊन येऊ नका. म्हापसा ते पणजी, पणजी ते मडगाव, मडगाव ते काणकोण, आणि चावडीवर (काणकोणच्या बाजारपेठेत) उतरून शेवटचे दोन-तीन किलोमीटर. गाड्या बदलण्यातला वेळ धरला तर एका बाजूचे चार तास सहज. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. परतीची सांगड घालायची तर तुम्हाला तीनला निघावं लागेल, म्हणजे किनाऱ्यावर जेमतेम तीन तास आणि तेही भर उन्हात. त्यापेक्षा शेवटच्या दोन रात्री इथेच राहा. किनाऱ्यावरच्या झोपड्या महाग वाटल्या तर चावडीकडे किंवा किनाऱ्यापासून आत पाच मिनिटांवर घरगुती खोल्या विचारा. आधी खोली बघा, पंखा आणि मच्छरदाणी बघा, मग भाव करा. दोन रात्री एकदम सांगितल्या की दर खाली येतो.

मडगावला एक घोळ नेहमी होतो. कदंब स्टँड शहराच्या उत्तरेला आणि रेल्वे स्टेशन दुसऱ्या टोकाला, मध्ये तीन-साडेतीन किलोमीटर. सॅक घेऊन चालू नका, शहरातली बस पकडा किंवा पायलट घ्या. पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, पुढचा मडगार्ड पिवळा. एका गाडीवर एकच प्रवासी, भाडं बसायच्या आधी ठरवायचं. कारवारकडे जाणारी कदंबची बस काणकोणवरून जाते, ती स्टँडवरच मिळते.

दूधसागर या खेपेला सोडा. कुळे गावाहून वनखात्याच्या रस्त्याने जीप जाते, ती भरूनच निघते. दोघींनी गेलात तर उरलेल्या जागांचे प्रवासी जमेपर्यंत थांबा, नाहीतर सगळ्या जागांचे पैसे भरा. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायला बंदी आहे आणि ते जिवावरचंही आहे, बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. तेवढा पैसा आणि दिवस दोन्ही दिवाडीला आणि पाळोळ्याजवळच्या आगोंदच्या किनाऱ्याला लावा.

पाण्याबद्दल, कारण कोल्हापूरकडची पोहणारी मुलं नदीच्या सवयीने समुद्रात शिरतात. लाल-पिवळे झेंडे रोवलेत त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं. नुसता लाल झेंडा असेल तर गुडघ्याएवढ्या पाण्यातही नाही. लाटा फुटत नाहीत अशी शांत दिसणारी पट्टी बहुधा पाणी आत ओढून नेणारी असते. ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या, मग किनाऱ्याकडे वळा. अंधारात जीवरक्षक नसतात. पाळोळ्याच्या उत्तर टोकाच्या बेटावर ओहोटीत चालत जाता येतं, पण भरती लागली की मधला रस्ता बुडतो. जाण्याआधी जीवरक्षकाला भरती लागायची वेळ विचारा आणि त्याच्या तासभर आधी परत फिरा.

तंबू आणि छोटी शेगडी आणायचा विचार असेल तर घरीच ठेवा. किनाऱ्यावर तंबू ठोकायला किंवा उघड्यावर स्वयंपाक करायला परवानगी नाही, दंड होतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात आणि नोव्हेंबर म्हणजे त्यांच्या मोसमाची सुरुवात. रात्री वाळूत बॅटरी मारत फिरू नका.

---

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखा हलवल्या, आता ११ ते १६ नोव्हेंबर. ११ ला मंगळवार आहे, म्हणजे शुक्रवार मध्येच येतोय. नवा बेत: मंगळवारी म्हापसा आणि संध्याकाळी हणजूण. बुधवारी स्कूटर, केरीपर्यंत. गुरुवारी जुने गोवे, दिवाडी, नार्वे. शुक्रवारी सकाळी बाजार, मग पाळोळे. शनिवार आगोंद. रविवारी पाळोळ्याहून निघून पणजी आणि कोल्हापूर. मंगेशीची अग्रशाळा यात बसत नाही. सॅक केवढी असावी? आणि रविवारी सामान कुठे ठेवायचं?

---

पाटो-पणजी

बेत चांगला झाला, एक दुरुस्ती. रविवारी बस कमी असतात हे वर लिहिलंय, आणि तुमचा सर्वांत लांब प्रवास नेमका रविवारी आहे. कोल्हापूरची बस दुपारनंतरची घ्या, आरक्षण आताच करा, आणि पाळोळ्याहून सकाळी सातला निघा. पणजीत उरलेल्या वेळात फोंतेन्यशची जुनी वस्ती बघा, स्टँडवरून पाटोचा पूल ओलांडला की चालत दहा मिनिटं. ती माणसांची राहती घरं आहेत. दारात, पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका. ऊन लागलं तर पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसा. १८३२ साली सुरू झालेली संस्था आहे, इमारत नवी आणि थंडगार. मराठी विभाग बघण्यासारखा आहे, पण सुट्टीच्या दिवशीची वेळ आधी तपासा.

सामान ठेवण्यासाठी दोन मार्ग. रेल्वेच्या सामानघरात प्रवासाचं तिकीट आणि कुलूप लावलेली बॅग लागते, तुम्ही बसने येताय म्हणून तो सोडा. दुसरा, ज्या खानावळीत जेवाल तिथे दोन तास ठेवू का म्हणून विचारा. पैसे-मोबाइल सोबत घ्या.

सॅक ३५ ते ४० लिटरची, भरून सात किलोच्या आत. लोकल बसमध्ये मोठी सॅक मांडीवर मावत नाही आणि वाहक ती मागे इंजिनाजवळ ढकलतो. जीन्स नको, एकदा भिजली की दमट हवेत दोन दिवस ओली राहते. तीन पातळ टी-शर्ट, दोन पायजमे, पंचा, रबरी चपला. सगळे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग सॅकमध्ये ठेवा, कारण वाळू शिवणीतून आत येते. डॉर्ममध्ये बेड घेतलात तर लॉकरचं कुलूप स्वतःचं लागतं, एक छोटं घेऊन या.

---

म्हापसेंकार

बुधवारची स्कूटर मंगळवारी संध्याकाळी सहाला घ्या आणि बुधवारी सहाला परत द्या असं ठरवून बघा. बरेच जण २४ तास धरतात. मग मंगळवारचं हणजूण बसऐवजी गाडीवर होईल, सूर्यास्त मात्र चुकेल. सूर्यास्त हवा असेल तर चारला घ्या आणि दुसऱ्या दिवशी चारला द्या. केरीहून दोनला परत फिरलात तर वेळेत पोहोचाल.